किती जण? आणि कधीपासून?

२०२४ च्या शरद ऋतूत लंडनमध्ये एका ठरावीक रात्री किती माणसं उघड्यावर झोपली होती, याचा सरकारी आकडा आहे १,३१८. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या वर्षभरात त्याच शहरात उघड्यावर झोपलेली किती माणसं कार्यकर्त्यांच्या पथकांना भेटली, याचा अधिकृत आकडा आहे १३,२३१. फरक दहापट. खोटा मात्र यातला एकही नाही. प्रश्न आवाक्यात आहे असं ज्याला सांगायचं असतं तो पहिला आकडा उचलतो, हाताबाहेर गेला आहे असं ज्याला म्हणायचं असतं तो दुसरा.

या दोन आकड्यांच्या आड एक तिसरा आकडा आहे आणि तो काढणं सर्वांत कठीण. तो म्हणजे वर्षानुवर्षं रस्त्यावरच असलेल्या माणसांचा. नोकरी गेली, घरमालकाने बाहेर काढलं, नवऱ्याने मारहाण केली म्हणून महिनाभर निवाऱ्यात राहावं लागणं ही आपत्ती आहेच. पण पाच-दहा वर्षं छपराशिवाय काढलेल्या माणसाचं दुखणं निराळं आणि त्यावरचा इलाजही निराळा. इलाज ठरवायचा तर अशी माणसं किती, हे आधी कळायला हवं. इथेच जगभरच्या मोजणाऱ्यांची दमछाक होते, कारण डोकी मोजायची सोय सगळ्यांकडे असते, काळ मोजायची फार थोड्यांकडे.

शंभर खाटांचा हिशेब

समजा, एका शहरात बेघरांसाठी शंभर खाटांचा निवारा आहे आणि तो बारा महिने भरलेला असतो. त्यातल्या ५० खाटांवर तीच ५० माणसं वर्षभर झोपतात. उरलेल्या ५० खाटांवरची माणसं महिनाभर राहतात, काहीतरी सोय लागली की जातात आणि त्यांच्या जागी दुसरी ५० येतात. म्हणजे वर्षभरात ही ये-जा करणारी माणसं झाली ६००.

आता एखाद्या रात्री तिथे जाऊन मोजलंत, तर तुम्ही लिहाल की निम्मे बेघर दीर्घकालीन आहेत. वर्षअखेरीस नोंदवही चाळलीत, तर ६५० नावांपैकी फक्त ५० जुनी दिसतील, म्हणजे आठ टक्क्यांहूनही कमी. निवारा एकच, माणसं तीच, उत्तरं दोन. कोणत्याही एका रात्री जुनी माणसं हटकून सापडतात, कारण ती रोजच तिथे असतात. वर्षाच्या यादीत मात्र नव्यांची गर्दी त्यांना झाकून टाकते. संख्याशास्त्रातली ही जुनीच अडचण आहे: जे जास्त काळ टिकतं ते एका क्षणाच्या पाहणीत जास्त दिसतं.

हे गणित कागदावरचं राहिलं नाही. १९९८ मध्ये डेनिस कल्हेन आणि रँडल कुन या दोन अमेरिकी संशोधकांनी न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया इथल्या निवाऱ्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या. कोण किती वेळा आलं आणि किती दिवस राहिलं, या दोनच गोष्टींवरून त्यांनी माणसांचे गट पाडले. सुमारे ८० टक्के माणसं एकदा-दोनदा, थोड्या दिवसांसाठी आली आणि गेली. साधारण १० टक्के पुन्हा पुन्हा येत-जात राहिली. उरलेली १० टक्के मात्र निवाऱ्यातच मुक्कामाला होती आणि एकूण खाट-दिवसांपैकी जवळजवळ निम्मे या एका गटाने वापरले होते.

या निष्कर्षाने अमेरिकेतल्या धोरणाची दिशा बदलली. बेघरांचा प्रश्न अथांग आहे, कितीही पैसा ओता, तळ लागत नाही, ही समजूत होती. आता त्या अथांग प्रश्नाचा एक ठोस, मोजता येईल एवढा तुकडा हाती लागला. शिवाय १९९२ पासून न्यूयॉर्कमध्ये सॅम सेम्बेरिस हे मानसशास्त्रज्ञ नेमक्या अशाच माणसांना आधी घर द्यायचं आणि व्यसन, आजार वगैरे मागाहून पाहायचं, असा प्रयोग करत होते. ‘हाउसिंग फर्स्ट’ या नावाने तो पुढे अनेक देशांत गेला. तो राबवायचा तर घर आधी कुणाला, हे ठरवावं लागतं, आणि त्यासाठी ‘दीर्घकालीन’ म्हणजे नेमकं किती, हेही.

सात महिने झालेला माणूस

एक काल्पनिक माणूस घेऊ. वय पंचेचाळीस, धडधाकट, सलग सात महिने उघड्यावर. तो दीर्घकालीन बेघर आहे का?

इंग्लंडमध्ये तो आहे. तिथे एखादा माणूस चालू महिन्यात आणि गेल्या बारापैकी तीन किंवा अधिक महिन्यांत उघड्यावर झोपलेला दिसला, की त्याची गणना दीर्घकाळ रस्त्यावर असलेल्यांत होते. कॅनडातही आहे, कारण तिथली अट वर्षातल्या १८० दिवसांची आहे, किंवा तीन वर्षांत मिळून ५४६ दिवसांची. फिनलंडमध्ये अजून नाही. तिथे किमान एक वर्ष लागतं, किंवा तीन वर्षांत पुन्हा पुन्हा बेघर व्हावं लागतं. अमेरिकेत तर तो आज नाहीच, पण वर्ष उलटल्यावरही नसेल. तिथे बारा महिन्यांच्या जोडीला अपंगत्व, गंभीर मानसिक आजार किंवा व्यसनाधीनता यांसारखी दीर्घ व्याधी असावी लागते. आमचा माणूस धडधाकट आहे, तेव्हा त्या रकान्यात त्याला जागा नाही.

आता थंडी पडली आणि तो जुन्या मित्राच्या घरी सोफ्यावर झोपू लागला असं धरू. अमेरिकेच्या रात्रमोजणीतून तो गळला, इंग्लंडच्याही. फिनलंडमध्ये मात्र तो बेघरच. मित्र-नातेवाइकांकडे आसऱ्याला असलेली माणसं तिथे मोजली जातात आणि तिथल्या एकूण बेघरांत बहुसंख्य तीच असतात. ऑस्ट्रेलिया आणखी पुढे जातो. तिथल्या २०२१ च्या जनगणनेत १,२२,४९४ बेघर नोंदले गेले. त्यात सुमारे ४८ हजार माणसं अतोनात दाटीवाटीच्या घरांत राहणारी होती. तंबूत, गाडीत किंवा उघड्यावर असलेली होती साडेसात हजारांच्या आसपास. हा आकडा जपानच्या आकड्याशेजारी मांडून ‘ऑस्ट्रेलियात बेघर कितीतरी पट जास्त’ असा मथळा द्यायला काहीच लागत नाही. पण जपानमध्ये उद्यान, नदीकाठ, रस्ता, स्टेशन अशा जागी मुक्काम ठोकलेला माणूसच बेघर धरतात. रात्रभर उघड्या असणाऱ्या इंटरनेट कॅफेत खुर्चीवर झोपणारा त्यांत येत नाही. अशी सुमारे चार हजार बिऱ्हाड नसलेली माणसं एकट्या टोकियोत रोज रात्री कॅफेत असतात, असा अंदाज तिथल्या महानगर प्रशासनाने २०१८ मध्ये जाहीर केला होता. त्याच जानेवारीत सगळ्या जपानमध्ये मिळून रस्त्यावर मोजलेली माणसं पाच हजारांच्या आसपास होती.

म्हणून दोन प्रदेशांचे आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी तीन गोष्टी विचारायच्या. बेघर कुणाला म्हटलं? कोणत्या कालावधीत मोजलं? आणि किती काळ गेल्यावर ‘दीर्घकालीन’ धरलं? यातल्या एकाचं उत्तर वेगळं असेल, तर वजाबाकी-भागाकार करण्यात अर्थ नाही.

मोजणीची रात्र

अमेरिकेत देशभर जानेवारीच्या शेवटच्या दहा दिवसांतली एक रात्र मोजणीसाठी निवडतात. जानेवारीच का? थंडीमुळे जास्तीत जास्त माणसं निवाऱ्यात शिरतात आणि छपराखालची माणसं मोजणं सोपं जातं. २०२४ च्या मोजणीत ७,७१,४८० माणसं सापडली. त्यांतली सुमारे दीड लाख, म्हणजे एकट्याने राहणाऱ्या बेघरांपैकी जवळजवळ तिघांतला एक, दीर्घकालीन ठरली.

इंग्लंडमध्ये प्रत्येक स्थानिक संस्था १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर या काळातली एक रात्र निवडते. कुणाला मोजायचं याचे नियम बारीक आहेत. अंथरुणात आडवा झालेला मोजायचा, अंथरुणावर बसलेला किंवा शेजारी उभा असलेलाही मोजायचा. पण गाठोडं काखोटीला मारून रात्रभर चालत राहणारा सुटतो. रस्त्यावरच्या कितीतरी बायका नेमकं हेच करतात, कारण एका जागी झोपणं त्यांना धोक्याचं वाटतं.

किती माणसं सुटतात, हे शोधायला न्यूयॉर्कमध्ये एक युक्ती काढली गेली. २००५ च्या मोजणीत संशोधकांनी आपली माणसं बेघरांसारखी जागोजागी बसवून ठेवली. मोजणारे स्वयंसेवक आपल्यापर्यंत आले की नाही, एवढंच त्यांनी सकाळी सांगायचं होतं. २९ टक्के ठिकाणच्या माणसांनी सांगितलं की आमच्याकडे कुणी फिरकलंच नाही. ही माणसं लपायचा प्रयत्नही करत नव्हती. जी मुद्दाम नजरेआड राहतात, त्यांचं काय होत असेल हे यावरून ताडता येतं.

डोकं सापडलं तरी काळ सापडतोच असं नाही. रात्री एक वाजता, विजेरीच्या उजेडात, अनोळखी स्वयंसेवक विचारतो, ‘किती महिने झाले?’ समोरच्याला आठवतं तेवढं तो सांगतो. दीर्घकालीन बेघरांसाठी राखलेलं घर द्यायची वेळ आली, की अमेरिकेत ही तोंडी साक्ष सहसा पुरत नाही, कागद लागतो. निवाऱ्याची नोंद चालते, रस्त्यावर भेटणाऱ्या कार्यकर्त्याचं पत्र चालतं. एका महिन्यात एकदा भेट झाल्याची नोंद असेल तर तो सबंध महिना धरतात. मधे सात किंवा जास्त रात्री छपराखाली काढल्या तर खंड पडला असं मानतात, आणि नव्वद दिवसांच्या आतला तुरुंग किंवा इस्पितळ असेल तर खंड धरत नाहीत. नियम विचारपूर्वक केलेले आहेत, उदारही आहेत. तरी मेख राहतेच. जो कुणालाच भेटत नाही, पुलाखाली एकटा राहतो, त्याच्याकडे पुरावा सर्वांत कमी, आणि बहुधा रस्त्यावर सर्वांत जास्त काळ तोच असतो.

आकडा उतरतो तेव्हा

जपानमध्ये २००३ साली देशव्यापी मोजणी झाली तेव्हा रस्त्यावर २५,२९६ माणसं होती. २०२४ मध्ये उरली २,८२०. कोणत्याही सरकारने अभिमानाने सांगावी अशी ही घट आहे. २००२ चा विशेष कायदा आणि सरकारी निर्वाह साहाय्याची वाट काहीशी मोकळी झाल्याने हजारो माणसं रस्त्यावरून घरात गेली.

पण जपान दर काही वर्षांनी दुसरीही एक पाहणी करतो आणि तीत माणसांशी बसून बोलतात. दहा वर्षांहून अधिक काळ रस्त्यावर असलेल्यांचं प्रमाण २०१२ मध्ये २६ टक्के होतं, २०१६ मध्ये जवळजवळ ३५ टक्के झालं आणि २०२१ मध्ये ४० टक्के. सरासरी वय ६३ च्या पुढे गेलं. ज्यांना बाहेर पडणं जमलं ते पडले. मागे राहिले ते म्हातारे, रिकामे डबे गोळा करून पोट भरणारे, कार्यालयाच्या खिडकीशी जायला नाखूश असलेले. नुसता एकूण आकडा पाहणारा म्हणेल की काम संपत आलं. काळ मोजणाऱ्याला कळतं की सर्वांत अवघड काम आता समोर उभं आहे.

फिनलंडने उलट दिशेने सुरुवात केली. १९८७ हे संयुक्त राष्ट्रसंघाचं बेघरांसाठीचं वर्ष होतं आणि तेव्हापासून तिथे नोव्हेंबरात नगरपालिकांकडून दरवर्षी आकडे घेतले जातात. २००८ मध्ये सरकारने फक्त दीर्घकालीन बेघरांसाठी कार्यक्रम आखला, तेव्हा अशी माणसं साडेतीन हजारांच्या घरात होती. वसतिगृहं मोडून तिथे भाडेकराराची स्वतंत्र घरं केली. हेलसिंकीतल्या आल्पीकातू रस्त्यावरचं साल्व्हेशन आर्मीचं वसतिगृह २५० खाटांचं होतं, त्याची ८१ घरं झाली. खाट गेली आणि दाराला आतून लावायची कडी आली. २०२३ पर्यंत दीर्घकालीन बेघर हजाराच्या आसपास आले. २०२४ मध्ये एकूण बेघरांचा आकडा बऱ्याच वर्षांनी पुन्हा वाढून ३,८०६ झाला. तेव्हा तिथे चर्चा सुरू झाली ती सरकारने कमी केलेल्या घरभाडे-साहाय्यावर. आकडा कसा काढला यावर वाद घालण्यात वेळ गेला नाही, हा तीन तपांहून अधिक काळ साधारण एकाच पद्धतीने मोजत राहण्याचा फायदा.

यापुढची पायरी म्हणजे नावांची यादी. कॅनडा आणि अमेरिकेतल्या काही शहरांनी एका रात्रीच्या मोजणीवर विसंबणं सोडलं. शहरातल्या प्रत्येक बेघराची, त्याच्या संमतीने, नावानिशी नोंद ठेवायची. कोण नवं आलं, कुणाला घर मिळालं, कोण परत आलं, हे दर महिन्याला जुळवायचं. अशा यादीत काळ आपोआप मोजला जातो, कुणाच्या आठवणीवर सोडावा लागत नाही. अल्बर्टा प्रांतातलं मेडिसिन हॅट हे साठेक हजार वस्तीचं शहर २०२१ मध्ये दीर्घकालीन बेघरपणाच्या ‘कार्यात्मक शून्या’ला पोचल्याचं जाहीर झालं. हे शून्य म्हणजे सलग तीन महिने अशी माणसं तीनच्या वर नसणं. यादीतल्या प्रत्येक नावामागे कुणीतरी जबाबदार माणूस असतो, हे या पद्धतीचं खरं बळ. महानगरात ती पेलणं अवघड जातं, आणि सरकारवर विश्वास नसलेली माणसं यादीत यायला कचरतात, या तिच्या मर्यादा.

पंच्याण्णवचा पुरावा

आपल्याकडे २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री जनगणनेचे प्रगणक बेघरांच्या मोजणीसाठी बाहेर पडले. फुटपाथ, उड्डाणपुलाखालची जागा, जिन्याखालचा कोपरा, मोठे सिमेंटचे पाइप, देवळांची आवारं, रेल्वेचे फलाट अशा जागी उघड्यावर राहणारी १७.७३ लाख माणसं देशभरात सापडली. २००१ मध्ये ती १९.४३ लाख होती. म्हणजे घट झाली. पण उकलून पाहिलं तर खेड्यांतली संख्या ११.६ लाखांवरून ८.३ लाखांवर आली होती आणि शहरांतली ७.८ लाखांवरून ९.४ लाखांवर गेली होती. महाराष्ट्रात २.१ लाख माणसं होती आणि एकट्या मुंबईत सुमारे ५७ हजार.

यातली किती वर्षभर रस्त्यावर होती आणि किती गेल्या महिन्यात आली होती? याचं उत्तर जनगणना देऊ शकत नाही, कारण बेघर होऊन किती काळ झाला हा प्रश्न तिच्या पत्रकात नव्हताच. बांधकामाच्या जागी हंगामापुरता आलेला मजूर आणि फुटपाथवर जन्मून तिथेच आई झालेली बाई, दोघं एकाच रकान्यात एक-एक. दुसरीकडे, फुटपाथवर फळ्या-पत्रे ठोकून केलेलं खोपटं ‘घर’ म्हणून नोंदलं गेलं, तर तीस वर्षं तिथे राहणारं कुटुंब बेघरांच्या यादीतून बाहेर जातं.

गंमत अशी की काळ मोजणं मुंबईला मुळीच अपरिचित नाही. १९८१ मध्ये फुटपाथवरची बिऱ्हाडं उठवून शहराबाहेर पाठवण्याची मोहीम निघाली आणि पत्रकार ओल्गा टेलिस यांच्यासह काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले. जुलै १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. फुटपाथ अडवण्याचा हक्क मात्र मान्य केला नाही. १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद झाली होती आणि ज्यांच्याकडे ओळखपत्र होतं त्यांना पर्यायी जागा द्यावी, वीस वर्षं जुन्या वस्त्या सार्वजनिक कामाची निकड असल्याखेरीज हटवू नयेत, असंही त्या निकालात होतं. म्हणजे नोंद आणि वर्षं यांवर हक्क ठरला.

निकालाच्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने भायखळा आणि आसपासच्या फुटपाथवरच्या सुमारे सहा हजार कुटुंबांची गणना केली आणि ‘वी, द इनव्हिजिबल’ या नावाने अहवाल काढला. ही माणसं आज आली, उद्या जातील, असं शहर मानत होतं. अहवालातून दिसलं ते निराळंच. यातली कितीतरी कुटुंबं दशकाहून अधिक काळ त्याच फुटपाथवर होती, आसपासच्या वस्तीत धुणीभांडी, हमाली, फेरीचा धंदा करत होती. पुढे याच बायकांतून ‘महिला मिलन’ उभी राहिली. १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत फुटपाथवरच्या झोपडीवाल्यांनाही पात्र धरलं गेलं.

तेव्हापासून मुंबईच्या बोलीत ‘पंच्याण्णवचा पुरावा’, मग ‘दोन हजारचा पुरावा’, ‘फोटोपास’ हे शब्द रुळले. अमुक तारखेला तुम्ही इथे होतात हे मतदार यादीने, वीजबिलाने सिद्ध करा आणि घर मिळवा. झोपडीला भिंती आहेत, म्हणून वीजबिल आहे, म्हणून इतिहास आहे. ज्याचं बिऱ्हाड एका गाठोड्यात मावतं आणि दर कारवाईत ते गाठोडंही गाडीत जातं, त्याच्याकडे पंच्याण्णवचा काय, गेल्या पावसाळ्याचाही पुरावा नसतो. फुटपाथवर पिढ्या काढलेली पारधी कुटुंबं आहेत; त्यांची वर्षं कुठल्याच दप्तरात साचलेली नाहीत.

न मोजण्याचे परिणाम निवाऱ्यांच्या हिशेबात दिसतात. शहरी बेघरांसाठीच्या २०१३ च्या केंद्रीय योजनेचं सूत्र होतं, दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांसाठी निवारा. त्यात बेघरांची संख्या येतच नव्हती. शंभर जणांचा एक निवारा धरला, तर २०११ च्या लोकसंख्येवर मुंबईचे सव्वाशे निवारे होतात, त्यांत साडेबारा हजार माणसं मावतील. बाकी पंचेचाळीस हजारांचं काय, हे सूत्र सांगत नाही. सगळे निवारे उभे राहिले असं धरलं, तरी महिन्यासाठी आलेल्या मजुराला जी खाट पुरते तीच पंचवीस वर्षं रस्त्यावर असलेल्या कुटुंबाला कशी पुरावी? एकाला पावसाळ्यापुरता आडोसा हवा आहे, दुसऱ्याला पत्ता, शाळेचा दाखला आणि भाड्याचं का होईना, पण घर.

पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. बेघरांच्या पत्रकात एकच प्रश्न वाढवला, ‘छपराशिवाय राहायला लागून किती वर्षं झाली?’, तर देशाला पहिल्यांदाच हा तिसरा आकडा मिळेल. तो अचूक नसेल, आठवणीवर अवलंबून असेल, काही माणसं सुटतीलच. पण एक महिना, एक वर्ष, दहा वर्षं एवढे तीन ढोबळ रकाने जरी भरले, तरी कुठे निवारे बांधायचे आणि कुठे थेट घरं द्यायची, हे शहरांना कळेल. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही, नवा कायदा लागत नाही. प्रगणक त्या रात्री फुटपाथवर जाणारच आहे, त्याने ‘किती जण?’ विचारून झाल्यावर ‘कधीपासून?’ एवढं विचारायला हवं.